घरातली यंत्रं पूर्वीसारखी का टिकत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांनी साताऱ्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान काढलं तेव्हा पंखे, मिक्सर आणि शेतीपंपाच्या मोटरी एवढंच काम असायचं. आता दुकान मी बघते, आणि टेबलावर फ्रिजची कार्डं (म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्ट्या), वॉशिंग मशीनचे टब आणि एसीचे कॉइल पडलेले असतात. "ताई, पूर्वीच्या वस्तू अशा नव्हत्या हो," हे वाक्य रोज कुणीतरी बोलतंच. दुकानात, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तो क्रमांक दिला आहे.

१. पूर्वीच्या वस्तू खरंच जास्त टिकायच्या, की आपल्याला उगाच तसं वाटतं?

दोन्हीत तथ्य आहे. आजीचा फ्रिज आपल्या लक्षात राहतो, कारण तो राहिला. त्याच साली घेतलेले आणि पाचव्या वर्षी भंगारात गेलेले फ्रिज कुणाला आठवत नाहीत. वडिलांच्या जुन्या वह्या माझ्याकडे आहेत. ऐंशीच्या दशकातही जळालेले मिक्सर रांगेने यायचे. फरक असा, की ते दुरुस्त होऊन परत जायचे. एकच मिक्सर त्या वहीत तीन-तीन वेळा सापडतो.

पण सगळाच भास नाही. जर्मनीत केलेल्या एका सरकारी अभ्यासात बिघाडामुळे पाच वर्षांच्या आत बदलाव्या लागलेल्या मोठ्या घरगुती यंत्रांचं प्रमाण २००४ मध्ये ३.५ टक्के होतं, ते २०१२ पर्यंत ८.३ टक्क्यांवर गेलं. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की बदललेल्या यंत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश यंत्रं चालू होती. लोकांना फक्त नवीन हवं होतं. नॉर्वेतल्या अभ्यासात वॉशिंग मशीनचं सरासरी आयुष्य साधारण १९ वर्षांवरून ११ वर्षांच्याही खाली आलेलं दिसलं आणि ओव्हनचंही बरंच घटलं. बाकीच्या मोठ्या यंत्रांत मात्र फारसा फरक आढळला नाही. मशीन लवकर जाण्याचं एक मोठं कारण तिथे साधं निघालं: लोक पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळा कपडे धुतात.

२. मग नेमक्या कोणत्या वस्तू कमी टिकायला लागल्या?

माझ्या टेबलावरून सांगते. पूर्ण ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन, स्वस्तातला मिक्सर, गिझर, एसीचा घरातला कॉइल आणि टीव्हीचा बॅकलाइट हे पाच वारंवार येतात. उलट इन्व्हर्टर फ्रिजचा कॉम्प्रेसर पूर्वीपेक्षा कमी वेळा जळतो, कारण तो दर वेळी झटका देऊन सुरू होत नाही, हळूहळू वेग घेतो. म्हणून "आता सगळंच रद्दी" असं मी म्हणणार नाही.

३. आईचा १६५ लिटरचा सिंगल डोअर तीस वर्षं चालला. माझा डबल डोअर आठव्या वर्षी गेला. असं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जुन्या सिंगल डोअर फ्रिजमध्ये बिघडण्यासारखं होतं तरी काय? कॉम्प्रेसर, थर्मोस्टॅट, रिले (विजेवर चालणारा स्विच), ओव्हरलोड (फार ताण आला की वीज तोडणारा भाग), दाराचा स्विच आणि दिवा. संपलं. बर्फ साचला की आपण बटण दाबायचो आणि खाली परात ठेवायचो. तुमच्या डबल डोअरसारख्या फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये हेच काम यंत्र स्वतः करतं. त्यासाठी आत हीटर आला, पंखा आला, तापमानाचे सेन्सर आले, थर्मल फ्यूज आला आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारं कार्ड आलं. यातलं काहीही गेलं तरी तक्रार एकच असते: "फ्रिज थंड करत नाही."

दुसरी गोष्ट पाठीमागची काळी जाळी. तिच्यावर आपण ओली फडकी वाळत घालायचो. ती जाळी म्हणजे कंडेन्सर. आता बहुतेक फ्रिजमध्ये ती नळी बाजूच्या पत्र्याच्या आत, फोममध्ये गाडलेली असते, म्हणून चालू फ्रिजची बाजू हाताला गरम लागते. दिसायला छान, भिंतीला चिकटवता येतो, जाळीवरची धूळ पुसायची कटकट नाही. पण त्या नळीला गळती लागली तर मी ती शोधू कशी? फोम फोडून नळी काढता येत नाही. मग मी बाहेरून वेगळा कंडेन्सर जोडते आणि आतली नळी बाद करते. काम होतं, पण हे करणारे मिस्त्री कमी झाले आहेत, आणि कंपनीचा माणूस थेट "बॉडी गेली" असं लिहून मोकळा होतो.

तिसरी गोष्ट गॅस. जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ असायचा. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो बंद होत गेला आणि योग्यच झालं. मग आर-१३४ए आला, आता बहुतेक ठिकाणी आर-६००ए. हा गॅस १०० ग्रॅमपेक्षाही कमी लागतो, त्यामुळे बारीकशी गळती झाली तरी फ्रिज लगेच मान टाकतो. शिवाय तो पेट घेतो, म्हणून सिस्टीम नीट रिकामी न करता नळीला जोडकामाचा जाळ लावणं धोक्याचं.

आणि चौथी गोष्ट आपली. गोदरेजने १९५८ साली फ्रिज बनवायला सुरुवात केली. त्यानंतर कित्येक वर्षं फ्रिज म्हणजे काही महिन्यांचा पगार होता. आई त्याला कव्हर घालायची, हँडललाही वेगळं कव्हर असायचं, स्टॅबिलायझरशिवाय तो लावायचाच नाही असा घरात नियम असायचा. गॅस्केट, म्हणजे दाराची रबरी कड, ढिलं झालं की लगेच माणूस बोलावला जायचा. ती तीस वर्षं जितकी लोखंडाची, तितकीच आईची आणि त्या मिस्त्रीचीही.

४. कंपन्या मुद्दाम लवकर बिघडणाऱ्या वस्तू बनवतात का?

असं घडल्याचा एक उघड झालेला इतिहास आहे. १९२४ साली जिनिव्हात ओसराम, फिलिप्स आणि इतर मोठ्या दिवे बनवणाऱ्या कंपन्यांनी फीबस नावाचा संघ केला आणि बल्बचं आयुष्य १००० तासांवर बांधून टाकलं. त्याआधी बल्ब १५०० ते २००० तास चालत. ठरल्यापेक्षा जास्त चालणारे बल्ब बनवले तर सदस्य कंपनीला दंड होता. दुसऱ्या महायुद्धात तो संघ मोडला.

मात्र त्यातही एक तांत्रिक बाजू आहे. तार जितकी कमी तापेल तितकी जास्त टिकते, पण उजेडही कमी पडतो. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून एक बल्ब जळतो आहे, पण त्याचा उजेड रात्रीच्या मिणमिणत्या दिव्याएवढा आहे.

घरच्या यंत्रांत "अमुक दिवशी बंद पड" असं सांगणारं घड्याळ मला आजवर सापडलेलं नाही. सापडते ती काटकसर: पातळ पत्रा, पितळेच्या जागी प्लास्टिक, तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम. दुकानात आपण दोन मिक्सर शेजारी ठेवून तीनशे रुपयांनी स्वस्त असलेला उचलतो, आणि कारखान्याला ते नेमकं माहीत असतं. इथपर्यंत मी समजून घेते. पण जो भाग सुटा होऊ शकतो तो वेल्ड करून बंद करणं, पाच रुपयांचा तुकडा सुटा न विकता अख्खी असेंब्ली घ्यायला लावणं, सर्किटचा नकाशा न देणं, हे निर्णय कुणीतरी बसून घेतलेले असतात. त्यांचा मला मनापासून राग येतो. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

५. वॉशिंग मशीनचं बेअरिंग वाजतंय. कंपनीचा माणूस म्हणतो अख्खा टब बदला. एवढ्याशा बेअरिंगसाठी?

त्याच्या हातात दुसरं काही नाही, कारण तुमचा टब वेल्डचा आहे. बाहेरचा प्लास्टिकचा टब दोन अर्ध्या भागांचा असतो. पूर्वी हे दोन भाग स्क्रूने जोडलेले असायचे: स्क्रू काढा, बेअरिंग ठोकून बाहेर काढा, नवीन बेअरिंग आणि ऑइल सील बसवा, बंद करा. आता बऱ्याच मॉडेलमध्ये दोन्ही भाग कारखान्यातच वितळवून जोडतात. काही शे रुपयांच्या बेअरिंगसाठी काही हजारांचा टब येतो, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, त्यापेक्षा नवीन मशीनच घेऊ.

यावर उपाय आहे. वेल्डच्या रेषेवरून हॅक्सॉने टब कापायचा, बेअरिंग बदलायचं, कडेने भोकं पाडून नट-बोल्ट आणि सिलिकॉनने पुन्हा जोडायचा. आमच्याकडे हे काम होतं. पूर्ण दिवस जातो, आणि गळतीची शक्यता मी आधीच स्पष्ट सांगते. वॉरंटीतल्या मशीनला मात्र हात लावत नाही.

बेअरिंग आपणहून जात नाही. आधी ऑइल सील झिजतं, मग पाणी आत शिरतं, गंज चढतो आणि ट्रकसारखा आवाज सुरू होतो. सील झिजवण्यात जास्तीची पावडर आणि कोंबून भरलेले कपडे यांचा मोठा हात असतो. टब उघडला की ड्रमच्या मागचा ॲल्युमिनियमचा तीन पायांचा स्पायडर जरूर बघायला सांगा. साबणाच्या थराखाली तो खाऊन गेलेला असतो, आणि तो तुटला तर नवीन बेअरिंगही वाया.

६. प्रत्येक वस्तूचं 'कार्ड' का उडतं?

तीन कारणं आहेत आणि आपल्याकडे ती सगळी एकत्र नांदतात.

पहिलं उष्णता. कार्डावरचे छोटे डब्यांसारखे कॅपॅसिटर तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मंच आयुष्य जगतात. एसीचं बाहेरचं युनिट मे महिन्यात गच्चीवर उन्हात बसवलेलं असेल तर आतल्या कार्डाचं काय होत असेल याचा विचार करा.

दुसरं वीज. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटणं. रस्त्यावरच्या तीन फेजच्या लाइनची न्यूट्रल तुटली, की काही घरांत २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्ट येतात आणि एका मिनिटात टीव्ही, फ्रिज, चार्जर सगळं जातं. पावसाळ्यात वाऱ्याने फांदी पडली, की दुसऱ्या दिवशी एकाच आळीतली आठ-दहा कार्डं माझ्याकडे येतात.

तिसरं जीवजंतू. हसण्यावारी नेऊ नका. कार्डाच्या उबेला पाल जाऊन बसते आणि दोन टोकांना एकदम शिवते. मुंग्या रिलेच्या पट्ट्यांत चिरडतात. उंदीर वायर कुरतडतात.

जुन्या यंत्रात कार्डच नव्हतं, म्हणून हे मरणही नव्हतं. कार्ड गेलं म्हणजे वस्तू संपली, असं मात्र नाही. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड परिसरात सुटे भाग मिळतात, आणि कार्ड दुरुस्त करणारे जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आहेत. अपवाद वॉशिंग मशीनच्या बऱ्याच कार्डांचा. पाणी लागू नये म्हणून त्यांच्यावर राळेसारखा थर ओतलेला असतो. तो खरवडून दुरुस्ती होते, पण दर वेळी यश येतं असं नाही.

७. 'स्टॅबिलायझर फ्री' लिहिलंय. मग स्टॅबिलायझर घेऊ की नको?

त्याचा अर्थ एवढाच, की पाठीवरच्या पट्टीवर छापलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेत यंत्र चालेल. वीज पडली किंवा न्यूट्रल तुटली (प्रश्न ६) तर ती पट्टी वाचवत नाही. शहरात वीज स्थिर असेल तर इन्व्हर्टर फ्रिजला गरज नाही. शेतीपंप चालू झाले की बल्ब पिवळा पडतो अशा गावात जरूर घ्या. दोन्हीकडे चांगलं अर्थिंग आणि मीटरपाशी जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारं उपकरण असावं. त्याची किंमत एका कार्डापेक्षा कमी आहे.

८. पूर्वीचा मिक्सर पुरणाची डाळ, ओलं खोबरं, सगळं वाटायचा. आताचा ७५० वॉटचा असून धूर काढतो. का?

आपल्याकडचा मिक्सर जन्मालाच या कामासाठी आला. साठच्या दशकात मुंबईतल्या माथुर दांपत्याचा परदेशी मिक्सर भारतीय वाटणापुढे टिकेना, तेव्हा इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्या स्वयंपाकाला पेलेल असं यंत्र बनवलं. तोच सुमीत. हळकुंडं, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ डोळ्यांसमोर ठेवून त्याची मोटर बेतलेली होती.

आता डब्यावर वॉटचा आकडा मोठा असतो, पण आतलं बघायला हवं. वायंडिंग, म्हणजे मोटरीत गुंडाळलेली तार, तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची? ॲल्युमिनियममधून वीज जाताना तांब्यापेक्षा दीडपट जास्त विरोध होतो, म्हणून तेवढ्याच जागेत ते अधिक तापतं. त्याचे जोडही सहज डाग देऊन होत नाहीत, त्यामुळे पुन्हा भरणं जिकिरीचं. दुकानदाराकडून बिलावर "कॉपर वायंडिंग" लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

आपल्या हातातलं असं: मोटर सलग पाच मिनिटांहून जास्त चालवू नका, घट्ट वाटण असेल तर दोन-तीन घाण्यांत करा आणि मध्ये थांबा. बंद पडलाच तर खालचं लाल बटण दाबून बघा. ते ओव्हरलोडचं आहे. दर आठवड्याला कुणीतरी फक्त त्या बटणासाठी मिक्सर घेऊन येतं. मी पैसे घेत नाही. कपलर आणि कार्बन ब्रश झिजणं हा बिघाड नव्हे. टायर झिजल्यासारखंच आहे ते, बदलायचे.

९. गिझर तीन-चार वर्षांत गळायला लागतो. पूर्वी तांब्याची टाकी असायची म्हणून टिकायचा का?

तांब्याची टाकी हे एक कारण. पण आजच्या टाकीतही तिला वाचवणारा एक भाग असतो आणि त्याबद्दल गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही: मॅग्नेशियमचा रॉड. तो स्वतः झिजतो आणि टाकी वाचवतो. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर दीड-दोन वर्षांत तो संपतो, मग गंज टाकीला लागतो. दरवर्षी दिवाळीआधी रॉड तपासून घ्या, कॉइलवरचा क्षारही काढून घ्या. टाकीला भोक पडलं की दुरुस्ती नाही. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा, तो दाबाखालचा डबा आहे.

१०. आम्ही रत्नागिरीत राहतो. एसीचा गॅस दर दोन वर्षांनी जातो. कोकणात असंच असतं का?

गॅस आपोआप "संपत" नाही. तो गेला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरून जाणारा माणूस तुमच्याकडून दर दोन वर्षांनी पैसे घेत राहील. नायट्रोजन भरून दाब धरतो का ते दाखवा म्हणावं.

समुद्राची खारी हवा बाहेरच्या युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खाते. गोव्यात आणि मालवणकडेही हेच. महिन्यातून एकदा, वीज बंद करून, गोड्या पाण्याने ते युनिट धुवा. घरातल्या तांब्याच्या कॉइलला निराळा रोग होतो: रंग, प्लायवूडचा गोंद, साफसफाईची रसायनं यांतून निघणाऱ्या आम्लांच्या वाफांनी नळीत मुंग्यांच्या वारुळासारखी सूक्ष्म भुयारं पडतात. उघड्या गटाराच्या शेजारी घर असेल तर गंधकयुक्त वायूही तेच करतो. पूर्वीच्या विंडो एसीत नळ्या जाड असत, त्यामुळे पोखरायला वेळ लागायचा. नवीन फर्निचरचं काम सुरू असेल तर ते आटपेपर्यंत एसी बसवू नका.

११. किती वर्षं टिकलं तर 'ठीक' समजायचं?

माझा अंदाज, तोही नीट वापर धरून: साधा पंखा २० वर्षं, फ्रिज १२ ते १५, वॉशिंग मशीन ८ ते १०, एसी १०, किनाऱ्यावर ७. गिझर पाण्यावर अवलंबून. मिक्सर ८.

१२. जुना पंखा, जुना फ्रिज वीज खातो. मग त्याच्या टिकाऊपणाचं कौतुक कशाला?

बरोबर विचारलंत. साधा जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा (कार्डावर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) साधारण ३०. रोज १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर वर्षाला १६२ युनिटचा फरक पडतो. ८ रुपये युनिट धरला तर जवळजवळ १३०० रुपये. म्हणजे नवीन पंखा अडीच-तीन वर्षांत आपले पैसे फेडतो, मग त्याचं कार्ड आठव्या वर्षी गेलं तरी तुमचा तोटा नाही. पंख्यांना स्टार लेबल २०२३ पासून सक्तीचं झालं, ते बघून घ्या.

पण देवघरातला, पाहुण्यांच्या खोलीतला, दिवसाला तासभर फिरणारा पंखा बदलू नका. तिथे हा हिशेब कधीच जुळत नाही. तो हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा फक्त पंख्याचा कॅपॅसिटर (ज्याला बाजारात कंडेन्सरच म्हणतात) बदलायचा असतो, शंभरेक रुपयांचं काम.

फ्रिजसाठी प्लगमध्ये बसणारं युनिट मोजायचं यंत्र आणा आणि आठवडाभर लावून ठेवा. आकडा वर्षाचा करून नवीन फ्रिजच्या लेबलवरच्या आकड्याशी ताडून बघा.

१३. दुरुस्त करावं की नवीन घ्यावं, हे कसं ठरवायचं?

दुरुस्तीचा खर्च नवीन वस्तूच्या निम्म्याहून जास्त असेल आणि वस्तूचं वय प्रश्न ११ मधल्या आकड्याच्या दोन तृतीयांशापलीकडे गेलं असेल, तर नवीन घ्या. यातली एकच अट लागू होत असेल तर दुरुस्त करा. जुना काढलेला भाग मिस्त्रीकडून परत मागा. प्रामाणिक कारागिराला त्याचा राग येत नाही.

१४. मोटरला दहा वर्षांची वॉरंटी होती, तरी चौथ्या वर्षी पैसे का मागितले?

ती वॉरंटी फक्त मोटरवर किंवा फक्त कॉम्प्रेसरवर असते. संपूर्ण यंत्राला बहुतेक वेळा एकच वर्ष. कॉम्प्रेसर फुकट मिळेल, पण गॅस, मजुरी, येण्या-जाण्याचा खर्च आणि कार्ड तुमच्या माथी. एका आजींना "फुकट" कॉम्प्रेसरसाठी आलेलं बिल मी पाहिलं आहे. त्यात थोडी भर घातली असती तर छोटा फ्रिज आला असता. घेताना दुकानदाराला एकच विचारा: कार्डाला किती वर्षं?

१५. वॉरंटी संपली आणि महिन्याभरात बिघडलं. दाद मागता येते का?

मागता येते. वॉरंटी संपल्याने मुळातला उत्पादनदोष माफ होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादकाच्या दायित्वावर वेगळं प्रकरणच आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दोष मुळातला आहे हे दाखवावं लागतं, म्हणून तक्रार नोंदवण्याआधी आमच्यासारख्या बाहेरच्या मिस्त्रीकडून यंत्र उघडू नका. बिल, जॉब शीट, मेसेज, सगळं जपा.

१६. 'दुरुस्तीचा हक्क' कायदा आला म्हणतात. मग सुटे भाग का मिळत नाहीत?

युरोपात नियम आहेत. तिथे २०२१ पासून फ्रिजचे महत्त्वाचे सुटे भाग ७ वर्षं आणि वॉशिंग मशीनचे १० वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात. फ्रान्समध्ये त्याच वर्षापासून काही वस्तूंवर दुरुस्त करायला किती सोपी याचे गुण छापावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि शेती अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं निवडली. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू झालं. तिथे कंपन्यांची माहिती, सेवा केंद्रं मिळतात. पण सुटा भाग दिलाच पाहिजे असा दंडुका त्यात नाही.

मला विचाराल तर तीन गोष्टी सक्तीच्या हव्यात: दहा वर्षं सुटे भाग, सर्किटचा नकाशा आणि स्क्रूने उघडणारा टब. एवढं दिलं तर बाकीचं आम्ही करू.

१७. गावचं घर वर्षभर बंद असतं. गणपतीला आणि शिमग्याला गेलो की काहीतरी बिघडलेलंच असतं. न वापरता कसं बिघडतं?

यंत्र पडून राहिलं तरी झिजतं. फ्रिज बंद करून जाताना आतून पुसून दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर बुरशी आणि चिकटलेलं गॅस्केट भेटेल. वॉशिंग मशीनचा नळ बंद करा, पाइपातलं पाणी काढा. सगळे प्लग उपटून ठेवा. मेन स्विच पाडणं उत्तम. परत आल्यावर गिझर आधी पाण्याने भरा, नळाला सलग धार आली की मगच बटण दाबा. फ्रिजच्या मागे आणि मशीनच्या खाली उंदराचा मागमूस बघितल्याशिवाय काहीही सुरू करू नका. फ्रिज आडवा करून नेला असेल तर उभा करून काही तास तसाच राहू द्या, कॉम्प्रेसरचं तेल जागेवर येतं.

१८. मुलगी न्यू जर्सीत आहे. इथला मिक्सर घेऊन जाऊ का?

तिथे ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ वीज असते. मिक्सरच्या ब्रशवाल्या मोटरला हर्ट्झचा फरक बाधत नाही, पण व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही मिक्सरच्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा, म्हणजे चांगलंच जड धूड. त्यापेक्षा तिकडच्या विजेवर चालणारं भारतीय मॉडेल तिथेच घ्यावं. तिकडून फ्रिज किंवा वॉशिंग मशीन इकडे आणायचा विचार मात्र सोडा. भाग मिळणार नाहीत.

१९. एक्स्चेंजमध्ये दिलेली जुनी वस्तू कुठे जाते?

चालू असेल तर बहुतेक वेळा सेकंडहँड बाजारात. बंद असेल तर भंगारात, आणि तिथे तांब्यासाठी नळी कापली की उरलेला गॅस हवेत. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. म्हणून विचारा, नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जाणार का? पावती मागा.

२०. मुलगा दहावी झालाय, दुरुस्तीचं काम शिकवावं का? की यात आता काही राहिलं नाही?

शिकवा. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. इलेक्ट्रिशियनचाही दोन वर्षांचा. त्यासोबत कार्ड दुरुस्ती शिकला तर त्याला काम शोधावं लागणार नाही, कामच त्याला शोधत येईल. माझ्याकडे या घडीला बारा मशीनं रांगेत आहेत आणि हात चार.

आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाला मी पहिल्या दिवशी वडिलांच्या वेळचा टेबल फॅन देते. पूर्ण सोडवायचा, प्रत्येक भागाचं नाव सांगायचं, तेल-पाणी करायचं, पुन्हा जोडायचा. तो फिरला की मग नवीन फ्रिजचं कार्ड हातात. मुली आल्या तरी हेच. सध्या दोघी आहेत. मुलाला पाठवायचं असेल तर रविवार सोडून कधीही सकाळी साडेनऊनंतर घेऊन या. आधी एक दिवस नुसता बसून बघू दे.